ऊन दाखवलेली माती

आमच्या घरात ऊन दाखवल्याशिवाय कशाचंच भलं होत नसे. डाळींना ऊन, गव्हाला ऊन, गाद्यांना ऊन, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांना ऊन आणि भरलेल्यांनाही. आत्याचा उन्हावर जितका विश्वास होता तितका वैद्यावर नव्हता, आणि देवावर होता की नाही याची मला आता शंका येते. संक्रांत सरली की आमचं माळवद, म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छप्पर, पापड-कुरडयांनी भरायला लागायचं, आणि वैशाखात तर तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती आणि नगरच्या माळीवाड्यातल्या निम्म्या घरांचं लोणचं-पापड तिच्या हातचं असे. तिचा एकच वैरी होता, बुरशी. हा शब्द ती शिवीसारखा उच्चारायची. एका वर्षी कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर पांढरी साय धरली तर तिनं अख्खी बरणी परसात पुरली आणि त्या दिवशी ती जेवली नाही. मला आई नव्हती. मला वाढवलं आत्यानं, तेव्हा हे सगळं माझ्याही अंगात भिनलेलं होतं. धान्यात हात घातला की ओल आहे की नाही हे मला डोळे मिटून कळे. आजही कळतं, पण आता घरात पाच किलोची पिशवी येते, तिला कसली ओल असणार.

वडिलांना मी नाना म्हणत असे. मी चार वर्षांची असताना नाना वनस्पतिशास्त्र शिकायला नॉर्वेला गेले आणि मी दहाव्या वर्षात असताना परत आले. मधल्या काळात आई विषमज्वरानं गेली. ती गेल्याचं पत्र नानांना मिळालं तेव्हा ते कुठल्याशा बर्फातल्या बेटावर होते, आणि पत्र अडीच महिने जुनं होतं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तसे ते मिळेल त्या बोटीनं परतले. गल्लीतले लोक विलायतेहून आलेला माणूस पाहायला जमले, तर टांग्यातून एक ट्रंक, एक सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांची पेटी आणि मेणानं तोंड बंद केलेला बिस्किटांचा मोठा डबा एवढंच उतरलं. डब्यात काय आहे म्हणून आत्यानं विचारलं, तर नाना म्हणाले, माती आहे. लोक हसत घरी गेले. मी दाराआड उभी होते. मला नाना आठवत नव्हते आणि माझ्याशी काय बोलावं हे नानांना सुचत नव्हतं. त्यांनी विचारलं, कितवीत आहेस, मी सांगितलं, आणि आमचं पहिलं संभाषण तिथे संपलं. पुढची तीन-चार वर्षं ते फारसं पुढे गेलंही नाही.

त्या डब्यात मातीबरोबर शेवाळात गुंडाळलेलं एक झाड होतं. झाड म्हणायचं म्हणून म्हणायचं. करंगळीएवढी उंची आणि मसुराच्या डाळीहून थोडी मोठी अशी चार-सहा गोल पानं. नाना म्हणाले की हे वाळुंजाच्या, म्हणजे विलोच्या, जातीचं झाड आहे आणि त्याचं वय माझ्या दुप्पट आहे. त्याचं खोड जमिनीखाली सरपटतं, कारण वर वारा उभं राहू देत नाही. वर्षातून दीड महिना ऊन, तेही कोवळं; बाकी सगळा काळ बर्फ आणि अंधार. एवढ्या तुटपुंज्या मातीत ते जगतं कसं, हा नानांचा अभ्यासाचा विषय होता. त्यांचं म्हणणं असं की त्याच्या मुळांत एक सोबती राहतो, तो दूरदूरचं अन्न गोळा करून मुळांना देतो, आणि झाड त्याला साखर देतं. दोघांपैकी एक गेला की दुसऱ्याचं काही खरं नाही. घरात ते त्याला नेहमी ‘सोबती’च म्हणत. मी कल्पना करून ठेवली होती की मुळांत गोगलगायीसारखा, डोळे मिटलेला, फार शहाणा असा एखादा जीव बसलेला असेल. विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

पावसाळा आणि थंडी झाड आमच्या घरात उत्तरेच्या खिडकीत काढी. होळी झाली की नाना ते स्टेशनजवळच्या बर्फाच्या कारखान्यात नेत. तिथले मिस्त्री चांदभाई यांच्या मुलाला नाना शाळेत विज्ञान शिकवत, त्या ओळखीवर लाद्या ठेवायच्या खोलीच्या खिडकीत कुंडीला जागा मिळाली होती. शाळा सुटली की नाना रोज तिकडे चालत जात. आमच्या घरात संध्याकाळी दोनच आवाज असत, लष्कराच्या कॅम्पातला बिगुल आणि आत्याचा खलबत्ता. नाना येत, पाय धुत, पाटावर बसत. आत्या भाकरी वाढी, आमटी वाढी, नाना ‘पुरे’ म्हणत, आणि जेवण आटोपे. हुलग्याचे शेंगोळे असले तर ते दोनदा घेत, पण तेही मागून घेत नसत, आत्याला ओळखावं लागे. मी समोर बसून त्यांच्या बोटांकडे बघे. त्या बोटांना बर्फाच्या खोलीतल्या लाकडी भुशाचा वास येई. माझ्या मैत्रिणींचे वडील त्यांना रागवत, क्वचित चापटही मारत, आणि मला त्यांचा हेवा वाटे. मी त्या झाडाचाही दुस्वास करी. एकदा मी चांगली चार दिवस तापानं पडले होते तेव्हा नाना रोज कपाळाला हात लावून बघत, पण तो हात आधी सूक्ष्मदर्शकाची काच पुसून आलेला असे. हे लिहिताना मला माझाच राग येतो, पण तेव्हा वाटलं ते वाटलं.

मी चौदाची झाले त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. कॅम्पात पलटणी वाढल्या आणि बर्फ कमी पडू लागला, तेव्हा कारखान्याच्या मालकानं खिडकीतली कुंडी हलवायला सांगितली. चांदभाई स्वतः ती हातात धरून घरी घेऊन आले. ते म्हणाले, “मास्तर, मी लई बोललो, पन मालक ऐकत न्हाई. समदी जागा लाद्यांना पायजे म्हनतो. पोरीला रोज धाडा, एक तुकडा भुशात बांधून देत जाईन.” आणि त्याच आठवड्यात सरकारनं मास्तर लोकांना रेशनच्या याद्या करायच्या कामाला जुंपलं. नानांच्या वाट्याला पाथर्डीकडची गावं आली. दहा-बारा दिवस जावं लागणार होतं. ते आधी आत्याकडे वळले, मग बहुधा आत्या आणि झाड यांचा विचार एकत्र करून माझ्याकडे आले. खिडकीतल्या परातीत बर्फ किती ठेवायचा, कुंडीभोवतीचं पोतं कधी भिजवायचं, सगळं त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. डब्यात उरलेली माती ते एकेक चमचा जपून वापरत. तिच्यात पुढे नवी रोपं करायची होती, ती तशीच गार जागी ठेवायला सांगितली. निघताना म्हणाले, “सुमन, एवढं लक्षात ठेव. मुळांतल्या सोबत्याला जपायचं. तो आहे तर झाड आहे.” एवढी सलग वाक्यं नाना माझ्याशी त्याआधी बोलले नव्हते.

मी जपलं. बर्फाचा तुकडा फडक्यात धरून रणरणत्या उन्हात स्टेशनपासून माळीवाड्यापर्यंत मी पळत येई, आणि घरी पोचेपर्यंत तो निम्मा झालेला असे. चांदभाई म्हणत, “दमानं जा पोरी, बर्फाला पाय फुटलं न्हाईत, तुलाच पडायचं हाय.” पाचव्या दिवशी पोतं बदलताना मला दिसलं की कुंडीच्या कडेला, माती आकसून जिथे फट पडली होती तिथे, बारीक पांढरे तंतू पसरले आहेत. पिंजलेल्या कापसाचा एखादा धागा ओढावा तसे. मी धावत जाऊन डबा उघडला. आत तेच, आणि वळचणीखालच्या ओल्या लाकडाचा वास. बुरशी लागली होती. नानांचं झाड माझ्या हाती आलं आणि पाच दिवसांत त्याला बुरशी लागली. आत्याला सांगितलं असतं तर तिनं डबा सरळ परसात पुरला असता. नानांना कळवायला पाथर्डीच्या कुठल्या गावी कळवणार. मला एकच सुचलं, आणि ते सुचणारी मी जगातली एकटी मुलगी नव्हते; आमच्या गल्लीतल्या कोणत्याही मुलीला तेच सुचलं असतं.

मी झाड अलगद उपसलं. खाली हातभर लांब, गुंतलेली मुळं निघाली, आणि त्यांच्या टोकांना पांढरं काहीतरी मोज्यासारखं चढलेलं होतं. सगळीकडे तेच. मी ती मुळं पाण्यात धरून मऊ फडक्यानं एकेक करून पुसली. तास दीड तास लागला. मोजे निघून आत लालसर, स्वच्छ मुळं दिसली तेव्हा मला हायसं वाटलं. मग हळदीच्या पाण्यात ती बुडवली आणि झाड ओल्या वाळूत उभं करून ठेवलं. माती, कुंडीतली आणि डब्यातली दोन्ही, धुतलेल्या पंच्यावर माळवदावर पसरली आणि तिला तीन दिवस ऊन दाखवलं. दहाला पसरायची, दर तासाला हात फिरवायचा, चारला गोळा करायची. नगरचं वैशाखातलं ऊन, त्याचं काय सांगायचं. दुपारी माळवदावर अनवाणी पाय टेकत नसे. डब्याला मी हिंगाची धुरी दिली. आत्यानं विचारलं तर मी म्हणाले, नानांच्या मातीला ओल आली होती. आत्यानं माती चिमटीत घेतली, चोळली, वास घेतला. “आता शिकलीस हो,” ती म्हणाली. माती रव्यासारखी मोकळी झाली होती. चौथ्या दिवशी मी झाड पुन्हा लावलं आणि सोबती वाचला या आनंदात पोटभर जेवले.

नाना उन्हानं काळे होऊन परतले. पायही न धुता खिडकीकडे गेले. भिंगातून एकेक पान पाहिलं. पानं अजून हिरवी होती. “छान ठेवलंस,” ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात कितीसा वेळ होता, पाणी प्यायला लागतो तेवढासुद्धा नाही. पण मी त्या हातासाठी चार वर्षं थांबले होते, आणि मिळाला तो अशा कामासाठी मिळाला. पुढे आयुष्यात मला कोणी शाबासकी दिली की आधी माझ्या छातीत धडधड होते, त्याचं मूळ इथे आहे.

आठ-दहा दिवसांत एक पान पिवळं पडलं. मग दुसरं. नानांनी बर्फ वाढवला, जागा बदलली, शाळेतल्या पिंपाचं गार पाणी आणून घातलं. आत्या म्हणाली दृष्ट लागली, आणि तिनं मीठ-मोहऱ्याही उतरून टाकल्या. शेवटचं पान गळलं त्या दिवशी नानांनी मुळाचं एक टोक कापून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दुसरं टोक घेतलं. दहाबारा टोकं पाहिली. मग सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. मला वाटलं झाड मेलं म्हणून दुःख आहे. ते होतंच, पण तेवढंच नव्हतं. जेवताना ते आत्याला म्हणाले, “अक्का, बहुतेक मीच चुकलो. मुळांत काहीच नाही. सोबती असा कधी नव्हताच, मला हवं ते मी बघत बसलो.” आत्या म्हणाली, “जाऊ दे दत्तू. घरात माणसं आहेत, त्यांच्याकडे बघ.” तिला एवढंच समजलं होतं, आणि तेही काही खोटं नव्हतं.

दोष झाडाचा नव्हता, नानांचाही नव्हता. तो माझ्या हातून कसा घडला हे मला नीट कळत नव्हतं, पण घडला हे कळत होतं. माती मी तापवली होती. मी ते सांगितलं तर डोक्यावरचा हात कायमचा जाणार. न सांगितलं तर काहीच होणार नव्हतं. नाना बर्फाच्या कारखान्याकडे जायचे थांबले. शाळेतून येत आणि खिडकीकडे पाठ करून बसत. नॉर्वेतून पत्रं येणं तर केव्हाच बंद पडलं होतं, तिथे त्यांच्याबरोबर काम करणारे लोक जिवंत आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हतं, आणि नगरात या विषयावर ज्याच्याशी बोलावं असा एक माणूस नव्हता. घरात आम्ही तिघं होतो आणि तिघं तीन घरांत राहिल्यासारखे. मी असे पंधरा दिवस काढले. मग एका रविवारी आत्यानं पापडांचे गठ्ठे बांधायला घेतले. लढाईमुळे कागद मिळत नव्हता. एका गठ्ठ्यावरच्या कागदावर मला शाईनं काढलेलं मूळ दिसलं, त्याच्या टोकाला पांढरा मोजा. खाली नानांचं अक्षर. नानांनी आपली एक वही आत्याला पुडक्यांसाठी दिली होती, आणि माजघरात ते बाकीच्या वह्या सुतळीनं बांधत होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “नाना, मी मातीला ऊन दाखवलं होतं.”

त्यांना कळलं नाही. “कुठल्या मातीला?”

“कुंडीतल्या. डब्यातल्यापण.”

सुतळी त्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांनी विचारलं किती दिवस, मी सांगितलं तीन. किती वाजल्यापासून, पातळ पसरली होती की जाड, हात फिरवला का, हाताला कशी लागली. मी परीक्षेत सांगावं तसं सगळं सांगितलं. मुळं धुतल्याचं आणि हळदीचंही सांगितलं. मग ते म्हणाले, “पण का?”

“बुरशी लागली होती. तुम्ही म्हणाला होतात, सोबत्याला जपायचं. मला वाटलं ती त्याला खाऊन टाकेल.”

सुतळी सोडून त्यांनी वरची वही काढली आणि उभ्याउभ्याच लिहायला लागले, तीन दिवस, दहा ते चार, हळद. लिहिताना स्वतःशी म्हणाले, “म्हणजे बरोबर होतं.” क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं हेही मला समजलं. मग वही मिटून ते खाली बसले. “सुमन,” ते म्हणाले, “ती बुरशी म्हणजेच तो सोबती.”

मी रडले नाही. मी विचारलं, मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत. ते स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, “अक्काच्या घरात तो शब्द कसा काढणार? डबा दुसऱ्या दिवशी परसात गेला असता.” हे अगदी खरं होतं. हल्ली सावेडीतल्या माझ्या नातसुनेनं बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी पुडीतली बुरशी विकत आणली, पैसे देऊन, तेव्हा मला हसू आवरेना आणि तिला कारण सांगता येईना.

मला वाटलं आता बोलणं संपलं. पण नानांनी काचपट्ट्यांची पेटी काढली. तिकडून आणलेली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी मला जवळ बसवलं आणि प्रथमच माझा डोळा त्या नळीला लावला. मुळाभोवती धाग्यांचं पांघरूण होतं, आणि काही धागे आत शिरले होते, पेशींच्या मधून मधून, कशालाही न मोडता. नाना सांगत राहिले. त्या बेटावरचा वारा, उन्हाळ्यात रात्रीही न मावळणारा सूर्य, बोटभर झाडासाठी पोटावर पालथं पडून माती उकरणारे ते आणि त्यांचे गुरुजी. चार वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सगळं त्या एका दुपारी त्यांनी मला सांगितलं. आता त्याचा काही उपयोग उरला नव्हता, म्हणूनच बहुधा सांगता आलं. माती परत मिळणार नव्हती, तिकडे जायला बोट नव्हती, आणि लढाई संपल्यावरही ते कधी गेले नाहीत. वह्या मात्र पुडक्यांना गेल्या नाहीत.

मी विचारलं, आईला हे ठाऊक होतं का. नाना काच पुसत होते. म्हणाले, “तिला सगळं लिहिलं होतं. झाड, सोबती, चित्रंसुद्धा काढून धाडली होती. तिनं उत्तरात एकच विचारलं, तिथे तुम्हाला जेवायला कोण वाढतं.”

“मग कोण वाढायचं?”

“कोणी नाही,” नाना म्हणाले.

आतून आत्यानं पानं घेतल्याची हाक मारली. त्या दिवशी मी तिच्या हातातून भाताचं पातेलं घेतलं आणि नानांना मी वाढलं. एक वाढी, दुसरी वाढी. ते खाली मान घालून जेवत होते, आणि पुरे म्हणाले नाहीत.